पश्चिमेकडून मंद वारा

केलर्टनच्या रेकॉर्ड ऑफिसात तीन नंबरच्या खिडकीवर गेल्या तीन वर्षांत एकही भांडण झालं नव्हतं. आता सरकारी खिडकी आहे आणि भांडण नाही, हे ऐकून आमच्या बार्शीतलं शेंबडं पोरही हसेल. पण हे केलर्टन म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं एक मध्यम गाव. खिडकीच्या आत बसणारी मात्र अस्सल बार्शीची होती. कालिंदी पोरे. वय त्रेपन्न, कपाळावर मुगाएवढी टिकली, आणि ऑफिसच्या नियमांचं पुस्तक तोंडपाठ.

पूर्वी भांडणं व्हायची, आणि काय व्हायची म्हणून सांगू! तिथला कायदाच असा, की सरकारदरबारी असलेला कागद कुणाही नागरिकानं मागावा आणि सरकारनं तो द्यावा. फक्त देण्याआधी त्यात गुप्त असेल तेवढ्यावर काळी पट्टी ओढायची. अठरा वर्षांपूर्वी कालिंदी नोकरीला लागली तेव्हा पहिल्या दिवशी तिच्या हातात काय ठेवलं असेल, तर जाड टोकाचा काळा मार्कर. लोक कागद घेऊन खिडकीशीच उभे राहायचे, पट्ट्या बघायचे आणि तापायचे.

सगळ्यात जास्त तापायचे ते गस टोबिन. स्कूलबसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांची बायको एलेन नदीकाठच्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, कारखान्यात बावीस वर्षं कामाला होती, आणि सत्तावन्नाव्या वर्षी कॅन्सरनं गेली. कारखाना लष्करासाठी सुटे भाग करायचा, त्यामुळे त्याचे कागद निम्मे काळेच. टोबिन दर महिन्याला यायचे आणि काचेवर मूठ आपटायचे.

"ह्या पट्टीखाली काय आहे?"

"ते मला सांगता येत नाही, मिस्टर टोबिन."

"म्हणजे काहीतरी आहे!"

"आता ते तर दिसतंच आहे की," कालिंदी म्हणायची.

मग तीन वर्षांपूर्वी कागद झाकायचं यंत्र आलं. टोबिनना निरोप गेला की पट्ट्या उठवल्या आहेत, जुने कागद परत करा आणि पूर्ण अहवाल घेऊन जा. म्हातारा आला. उभ्या उभ्या सगळा अहवाल वाचला, चष्मा काढून डोळे पुसले. "म्हणजे काही नव्हतंच," तो म्हणाला. "नशीबच वाईट होतं एलेनचं. मी उगाच तुम्हाला इतकी वर्षं छळलं. थँक यू, कालिंदी."

त्या दिवशी कालिंदीला डबा गेला नाही. कारण तो अहवाल यंत्रातून काढून शेवटचा हात फिरवला होता तो तिनेच.

यंत्राचं नाव कंटिन्युइटी. ते आलं त्याला कारणही तसंच होतं. खोट्या कागदांचा नुसता सुळसुळाट झाला होता. कुणीही उठावं आणि सरकारी शिक्क्यासकट खोटा अहवाल पाच मिनिटांत तयार करावा. एका गावात तर धरण फुटल्याच्या खोट्या पत्रावरून पळापळ होऊन माणसं चिरडली. तेव्हा नवा कायदा झाला. प्रत्येक सरकारी कागदाची एकच अस्सल प्रत एका मध्यवर्ती भांडारात राहील, आणि तुमच्या-आमच्या पडद्यावर दिसेल ती त्या प्रतीचीच सावली. भांडाराचा शिक्का नसेल तर पडदा तो कागद दाखवणारच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कालिंदीनंही वाजवल्या. खोटं बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली तर कुणाला नको आहे?

पण एकच अस्सल प्रत असली, की तेवढी एक बदलली तरी सगळ्या जगातल्या प्रती बदलतात. हे लोकांच्या लक्षात यायच्या आत सरकारातल्या हुशार मंडळींच्या लक्षात आलं. त्यांचं म्हणणं असं, की काळी पट्टी दिसली की लोक अस्वस्थ होतात, अफवा उठतात. मग पट्टी कशाला दाखवायची? कंटिन्युइटी गुप्त मजकूर उचलून सीलबंद कपाटात ठेवते. त्या जागी, मूळ लिहिणाऱ्याची शैली शिकून, त्याच्याच भाषेत नवा मजकूर विणते. आकडे काढले असतील तर सरासरी पुन्हा मांडते. पानांचे क्रमांक, सूची, दुसऱ्या अहवालात याच अहवालाचा आलेला उल्लेख, सगळं सांधून घेते. भोक होतं हे कळायला जागाच उरत नाही.

कायद्यानं एवढंच राखलं होतं, की शेवटची नजर माणसाची हवी. कंटिन्युइटीनं विणलेला मजकूर सपाट वाटू नये म्हणून एखादं वाक्य त्या माणसानं आपल्या मनचं घालावं. त्या वाक्याला यंत्र हात लावत नसे. केलर्टनला ही शेवटची नजर कालिंदीची. त्यासाठी तिने शपथपत्रावर सही केली होती. रोखलेला मजकूर बाहेर सांगितला तर पाच वर्षं तुरुंग, आणि नंतर मिळवलेलं नागरिकत्व रद्द. म्हणजे तिचं. आणि घरी नवरा विलास, मधुमेहानं किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसवर. त्याचा सगळा विमा कालिंदीच्या नोकरीवर उभा होता. तेव्हा टोबिनचं थँक यू गिळून ती कामाला लागली, यात नवल ते काय?

ऑफिसात सगळे ह्या कामाला फिनिशिंग म्हणत. ती मनात रफू म्हणायची. तिच्या अण्णांचं बार्शीत भगवंताच्या देवळामागं रफूचं दुकान होतं. इतकी बारीक रफू करायचे, की मालक कोट उलटासुलटा करून म्हणायचा, अण्णा, फाटलेलं हेच का हो? पण अण्णांची एक रीत होती. काम झालं की कापडाच्या उलट्या अंगाला तांबड्या दोऱ्याची मोहरीएवढी गाठ मारायची. पुन्हा कधी तेच कापड हाताखाली आलं तर कुठलं सूत जुनं आणि कुठलं आपलं, हे रफूगाराला समजलं पाहिजे. एकदा एका शेठजीनं रफू केलेली शाल नवी म्हणून विकायची ठरवली आणि अण्णांना गाठ काढायला सांगितलं. अण्णांनी शाल घडी घालून परत दिली. "झाकायचं काम माझं, शेठ. फसवायचं माझं नव्हे," ते म्हणाले. शेठजी पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही.

अण्णांच्या पोरीला मात्र आता कुणाला शाल परत करायची सोय नव्हती.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी तिची लेक इरा जेवायला आली. इरा इथंच जन्मलेली, शाळेत गणित शिकवायची, नवरा डॅनियल बोटीवर इंजिनीअर, म्हणून महिनोन्‌महिने बाहेर. पोरीला सहावा महिना लागलेला. कालिंदीनं भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी केली होती. इरानं दुसरी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं.

"आई, घर ठरलं आमचं. विलो बेंडला. नदीकाठी त्रेसष्ट घरं बांधलीत ना, त्यातलं. खाली एवढं मोठं तळघर आहे, तिथे बाळाला खेळायची खोली करणार."

कालिंदीच्या हातातला डाव तसाच राहिला. "कुठं म्हणालीस?"

"विलो बेंड. अगं, जुन्या प्लेटिंगच्या कारखान्याची जागा. पण घाबरू नकोस, मी काय डोळे मिटून घेते का? जमिनीच्या तपासणीचा अहवाल मागवून घेतला. स्वच्छ आहे. आणि तुझ्याच ऑफिसातून आलाय, तुमच्या शिक्क्याचा." आईचीच गंमत केल्यासारखी ती हसली. "तुमच्यावर नाही ठेवायचा विश्वास, तर कुणावर?"

विलासनं बायकोच्या तोंडाकडं बघितलं. "काय गं, ठसका लागला का?"

"हो. चटणी तिखट झाली," कालिंदी म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. 

तिला तो अहवाल आठवत होता. कारखान्यात धातूवरचं वंगण धुवायला एक द्रावण वापरायचे. ते कुठलं आणि किती, यावरून आत काय बनत होतं ते ओळखता येईल, म्हणून गुप्त. पण ते द्रावण वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं होतं. त्याची वाफ मातीतून वर येते, तळघरात साठते. पोटुश्या बाईनं तिथं श्वास घेऊ नये, असं मूळ अहवालात सरळ लिहिलेलं होतं. ते पान कालिंदीनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. आणि त्यावर रफू केली होती.

फोनवर हे बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती इराला नदीकाठी फिरायला घेऊन गेली, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं शपथ मोडली. सगळं सांगितलं. 

इरा ऐकत राहिली. मग तिनं फोन काढून अहवाल उघडला. "आई, हे बघ. चौतीस ठिकाणचे नमुने. प्रत्येकाचा आकडा आहे. बेरजा जुळतात, सरासरी जुळते. मी मुलांना शिकवते हे. खोटे आकडे असे बसत नाहीत."

"यंत्र बसवतं गं! तेच तर काम आहे त्याचं."

"बरं, मूळ आकडा किती होता?"

कालिंदीला आकडा आठवेना. तीन वर्षांत तिच्या हाताखालून शेकडो कागद गेले होते.

"पान कितवं होतं?"

"चाळीसच्या पुढं कुठंतरी…"

इराचा आवाज मऊ झाला, आणि तेच कालिंदीला जास्त लागलं. "आई, रागावू नकोस. डॅनियलशी लग्न ठरलं तेव्हाही तुला काहीतरी वाईट होणार असं वाटत होतं. मी होस्टेलला गेले तेव्हाही. बाबांचं आजारपण, ऑफिस, तू दमतेस. शुक्रवारी सह्या आहेत आमच्या. तू फक्त माझ्या पाठीशी राहा."

घरी परतताना कालिंदीनं गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि तो अहवाल स्वतः उघडून वाचला. एकदा, दोनदा. किती सरळ, किती नीट! वाचता वाचता तिलाच वाटायला लागलं, की ते द्रावण दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्याचं असेल. विलो बेंड की विलो क्रीक? आपण म्हातारपणाकडं झुकलो. लेकीचं घर होतंय, तर आपल्याला भुतं दिसतात. तुरुंगाची भीती तिला परवडली असती, पण आपलं डोकंच आपल्याला दगा देतंय ही भीती फार वाईट. तिला रडू फुटलं.

आणि रडता रडता बेचाळिसाव्या पानावर तिची नजर अडली. नमुन्यांच्या तक्त्याखाली एक वाक्य होतं. 'नमुने घेतले त्या दिवशी आकाश निरभ्र होते व पश्चिमेकडून मंद वारा वाहत होता.'

"अगं बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "अण्णा!"

हे वाक्य तिचं होतं. शेवटची नजर टाकताना आपल्या मनचं एक वाक्य घालायचं असे, ते तिनं पहिल्याच दिवशी हवेबद्दल घातलं. हवेनं कुणाचं काय बिघडतंय? दुसऱ्या कागदात तेच घातलं. मग हाताला सवय लागली. जिथं रफू तिथं निरभ्र आकाश आणि मंद वारा, म्हणजे तोच कागद पुन्हा आला तर आपली वीण कुठं आहे ते कळावं. आपण गाठ मारतोय हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. पण अण्णांच्या पोरीनं तीन वर्षं न चुकता तांबडी गाठ मारली होती.

ती गाडी वळवून तडक इराच्या घरी गेली. इरा शाळेचे पेपर तपासत होती.

"एका वाक्यानं काय सिद्ध होतं, आई?"

"एका वाक्यानं काही नाही. तू सगळ्या केलर्टनच्या कागदांत हे वाक्य शोध. अक्षर न अक्षर. जिथं सापडेल तिथं खाली भोक आहे."

आईचं मन राखायचं म्हणून इरानं शाळेच्या खात्यावरून शोध घेतला. पडदा भरत गेला. नदीतल्या माशांचा अहवाल. तुरुंगातल्या दोन मृत्यूंचा. शाळेच्या छताचा, पुलाच्या खांबांचा. चारशे बारा कागद, बावीस वेगवेगळ्या खात्यांचे, आणि सगळ्यांच्या दिवशी आकाश निरभ्र.

"चारशे बारा वेळा एकच हवा," इरा हळूच म्हणाली. मग एका कागदावर तिचं बोट थांबलं. "आई, हा पाण्याच्या टाकीचा अहवाल. नमुना कधी घेतला बघ. गेल्याच्या गेल्या वर्षी, चौदा जानेवारी."

कालिंदीनं तारीख बघितली. "संक्रांत!"

"त्या दिवशी वादळ होतं. शाळा, ऑफिसं, सगळं बंद. तू तिळगूळ केला होतास, आणि मी तो न्यायला आले तर परत निघताना गाडीच सापडेना. आपण दोघी फावड्यानं बर्फ उपसत होतो."

"आणि मी इथं काय लिहून ठेवलंय?" कालिंदी म्हणाली. "मंद वारा! हात मेला, तारीख बघायची अक्कल नाही."

तिच्या त्या चुकीवर दोघी एकदम हसल्या, आणि हसता हसता इराचा चेहरा बदलला. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.  मग आईच्या कुशीत तोंड खुपसून लहानपणी रडायची तशी रडली.

घर रद्द झालं. डोळे पुसून इरा म्हणाली ते असं, "आता गप्प बस, आई. आपण वाचलो. बाबांचं डायलिसिस आहे. कुणाला काही सांगू नकोस, तुला माझ्या बाळाची शपथ." आता ही पोरगी शपथ कुठून शिकली, तर आईकडूनच. कालिंदीनं मान हलवली. पण त्रेसष्ट घरांतलं हे एक रिकामं झालं होतं, आणि ते घ्यायला दुसऱ्या कुणाची तरी इरा येणारच होती.

गप्प बसायची वेळ तशीही राहिली नाही. शाळेच्या एका खात्यावरून एकाच वाक्याचा शोध घेतला गेला हे भांडाराच्या लक्षात आलं. गुरुवारी सकाळी साहेबीणबाईंनी कालिंदीला आत बोलावलं. हॅलोरन बाई वाईट नव्हत्या. कालिंदीच्या नवऱ्याची चौकशी त्या मनापासून करायच्या, आणि त्याही दिवशी त्यांनी आधी तीच केली.

"विलास कसे आहेत?"

"बरे आहेत. मशीनवर आहेत तोवर बरेच."

"तेच म्हणते मी." हॅलोरन बाईंनी पडदा तिच्याकडे फिरवला. "हे हवेचं वाक्य. सवय असते, मी समजू शकते. पण ते काढायला हवं. कंटिन्युइटी मिनिटभरात काढेल, पण माणसाचं वाक्य आहे, त्याला माणसाचीच सही लागते. तुमची. सगळ्या चारशे बारांवर एकच सही. शोध कुणी घेतला, का घेतला, मी विचारणार नाही. तुमची मुलगी शिक्षिका आहे ना? तिलाही कुणी विचारू नये असं मला वाटतं."

धमकी इतक्या मायेनं देता येते हे कालिंदीला त्या दिवशी कळलं.  "कधीपर्यंत?" तिनं विचारलं.

"उद्या ऑफिस बंद व्हायच्या आत."

शुक्रवारी सकाळी सातला ती विलासला डायलिसिसला सोडायला गेली. त्याच्या हातात सुया खुपसून नर्स बाजूला झाली, नळ्यांतून रक्त फिरायला लागलं, आणि कालिंदी खुर्ची ओढून त्याच्या कानाशी बसली. मराठीत बोललं की इथं कुणाला कळायचं नाही, तेवढी एक भिंत त्यांना होती. तिनं सगळं सांगितलं.

विलासनं डोळे मिटले. "सही केली तर?"

"तर सगळं आहे तसंच. गाठ निघेल. मग मलासुद्धा कधी सापडणार नाही, कुठं काय होतं ते."

"आणि नाही केली तर हे मशीन बंद."

"लगेच नाही बंद होणार. सरकारी दवाखाना आहे, अर्ज करावा लागतो…" तिनं त्याचा मोकळा हात धरला. "अहो, मला काय करावं सुचेना. तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? मला भीती वाटती, कालिंदी. खोटं कशाला बोलू? लई भीती वाटती." त्यानं नळ्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "तो टोबिन अजून येतो का गं?"

"येतो की. आता मासे पकडायचं लायसन काढायला."

"कुठं पकडतो मासे?"

"नदीवरच. दुसरीकडं कुठं?"

विलासनं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. दोघांनाही माशांचा अहवाल आठवला. "जा तू," तो म्हणाला. "मला न्यायला आज येऊ नको, मी टॅक्सीनं जातो. आणि असं रडत जाऊ नको कामावर, टिकली पुसली बघ."

ऑफिसात आल्यावर तिनं नियमांचं पुस्तक काढलं. तसं तोंडपाठ होतं, पण चौदावा नियम तिला शब्द न शब्द बघायचा होता. 'रोखलेला मजकूर काळ्या पट्टीने अथवा अन्य मान्य पद्धतीने झाकावा.' अथवा! यंत्र ही अन्य पद्धत. पट्टीचा नियम कुणी काढलेलाच नव्हता, विसरले होते. पट्टीखाली काय आहे ते सांगितलं तर तुरुंग. पट्टी ओढली तर? पुस्तकात कुठंही शिक्षा नव्हती. नोकरी मात्र जाईल, आज संध्याकाळीच जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. एकदा शपथ मोडून झाली होती. आता जे करायचं ते नियमात बसवून करायचं, असं तिनं ठरवलं. बाईचा स्वभावच तो.

छापायचं यंत्र कोपऱ्यात धूळ खात होतं. कागदावर एकदा उतरलेलं भांडाराला बदलता येत नव्हतं. तिनं चारशे बारा कागदांतली ती ती पानं छापायला लावली. ड्रॉवरच्या तळाशी जुना मार्कर होता. वाळलाय की काय म्हणून तिनं बोटावर ओढून बघितला. नव्हता वाळला.

हवेचं वाक्य आणि त्याच्या आजूबाजूला यंत्रानं विणलेला परिच्छेद, सगळ्यावर काळी पट्टी. दुसरं पान. तिसरं पान. दुपारपर्यंत तिचा उजवा हात मनगटापर्यंत काळा झाला. तिनं गठ्ठे करून खिडकीच्या बाहेरच्या फळीवर ठेवले आणि वर नेहमीची पाटी लावली, 'नागरिकांसाठी, विनामूल्य.'

तीन वाजता गस टोबिन आले, लायसनचा अर्ज हातात घेऊन. "हॅलो, कालिंदी. हात काय केलात?"

"मिस्टर टोबिन, तुमच्या एका अहवालात दुरुस्ती आहे," ती म्हणाली.  "प्लेटिंगच्या कारखान्याचा. आणि हा नदीतल्या माशांचा."

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. पान बघितलं. निम्मं काळं. त्यांनी पान उलटून मागून बघितलं, उजेडाला धरलं. मान वर केली तेव्हा तीन वर्षांत न दिसलेला टोबिन तिथं उभा होता.

"हे तर पूर्ण होतं! तुम्ही मला पूर्ण म्हणून दिलंत! काय आहे ह्याच्याखाली?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे काहीतरी आहे!"

आतल्या दारातून हॅलोरन बाई धावत येताना तिला दिसल्या. रांगेत उभ्या असलेल्या लोकांपैकी एक पोटुशी बाई फळीवरचा गठ्ठा चाळत होती, आणि तिच्या मागचा माणूस मान लांब करून बघत होता.

"हो, मिस्टर टोबिन," कालिंदी म्हणाली. "आहे."

टोबिननी काचेवर मूठ आपटली. सगळी खिडकी हादरली. आतल्या बाजूला कालिंदीनं आपला काळा हात काचेला टेकवला आणि म्हणाली, "आपटा. अजून जोरात आपटा."